डाग न धरणारे पोलाद

'स्टील' हा शब्द उच्चारला की आमच्या वसईकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातील मांडणी उभी राहते. हंडे, डबे, ताटे, वाट्या. बहुतेक लग्नात आहेर म्हणून आलेली आणि प्रत्येकावर टिंबाटिंबांनी कोरलेले नाव. पितळेला चिंच लावणे आणि कल्हईवाल्याची वाट पाहणे या दोन्ही जाचांतून ज्या धातूने आमच्या आयाबहिणींना सोडवले, त्याची जन्मकथा मात्र बंदुकीच्या नळीत दडलेली आहे. आम्हालाही ती कथा वाचावीशी वाटली ती अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका स्नेह्यांनी विकत घेतलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरमुळे. धर्मगुरूंना हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे.

इंग्लंडमधील शेफिल्ड हे चाकूसुऱ्यांचे शहर. तेथे हॅरी ब्रेअर्ली नावाचे धातुशास्त्रज्ञ होते. पोलाद ओतणाऱ्या कामगाराच्या पोटी जन्मलेला हा माणूस. शाळा थोडी, बाकीचे शिक्षण भट्टीसमोर झालेले. १९१२ साली बंदुका बनवणाऱ्यांची एक अडचण त्यांच्यापुढे आली. बार उडताना निघणाऱ्या तप्त वायूमुळे नळ्या आतून झिजत. झीज सोसणारे पोलाद हवे होते. ब्रेअर्लींनी पोलादात क्रोमियमचे प्रमाण कमीजास्त करून पाहिले आणि ऑगस्ट १९१३ मध्ये सुमारे १२.८ टक्के क्रोमियम असलेला रस ओतला. सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी नमुन्यावर आम्ल लावावे लागते; या नमुन्यावर आम्ल चालेना. नळ्यांचे काम बाजूला राहिले आणि ब्रेअर्लींच्या मनात सुऱ्या आल्या. शेफिल्डच्याच एका सुरीकारखान्याचे व्यवस्थापक अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी ते व्हिनेगरमध्ये बुडवून पाहिले आणि 'स्टेनलेस' हे नाव सुचवले. पहिल्या सुऱ्यांना धार धरेना, म्हणून गावातले लोक ब्रेअर्लींना न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक म्हणून चिडवीत.

गंज का चढत नाही, याचे कारण मोठे सुंदर आहे. क्रोमियम हवेतील प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे एक पातळ कवच तयार करते. ओरखडा पडला तर ते तुटते, पण हवा लागताच पुन्हा जुळून येते. खाऱ्या पाण्यापुढे मात्र त्याचे नेहमीच चालते असे नाही, हे समुद्रकाठच्या आमच्या वाचकांनी अनुभवलेच असेल.

बंदुकीसाठी शोधू घातलेला हा धातू ताटात आला आणि अर्ध्या शतकानंतर पुन्हा बंदुकीकडे परतला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफिल्ड येथे होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांच्या नावाच्या जुन्या कंपनीचे मुख्यालय २०२३ पर्यंत होते. तिने १९५० साली पाच गोळ्यांचे एक छोटे रिव्हॉल्व्हर काढले. कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे भरलेल्या पोलीसप्रमुखांच्या परिषदेत ते प्रथम मांडले गेले, म्हणून त्याचे नाव 'चीफ्स स्पेशल' पडले. साध्या पोलादाला निळसर-काळा मुलामा दिलेले हे शस्त्र पोलीस अंगालगत, सदऱ्याखाली बाळगीत; घामाने ते गंजे. १९६५ साली कंपनीने तेच रिव्हॉल्व्हर स्टेनलेस स्टीलमध्ये आणले. 'मॉडेल ६०' या क्रमांकाचे हे शस्त्र म्हणजे नियमित उत्पादनातले पहिले संपूर्ण स्टेनलेस रिव्हॉल्व्हर. असा धातू कातण्यास अवघड असतो आणि त्याचे दोन भाग एकमेकांवर घासले की एकमेकांना चिकटून खरवडले जातात. त्यामुळे येथवर पोचण्यास बावन्न वर्षे लागली यात नवल नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही त्याच राज्यातील एका धर्मग्रामात, रजेवर गेलेल्या धर्मगुरूंच्या जागी दोन महिने सेवा केली. आमचे हे स्नेही मूळचे आमच्याच तालुक्यातले. यंत्रशाळेत लेथवर हयात घालवलेली. अमेरिकेचे नागरिक होऊन वीस वर्षे झालेली. लेथवर काम केलेल्या माणसाला चांगले काम दुरून ओळखू येते. दुकानाच्या काचेच्या पेटीत दिसलेले १९६० च्या दशकातील एक मॉडेल ६० त्यांच्या मनात भरले होते. "फादर, तुम्ही नुसते बघायला तरी चला," असे म्हणून त्यांनी आम्हाला बरोबर नेले.

बघण्यापलीकडे आम्हाला काही करताही आले नसते. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या बहुतेक परदेशीयांना, शिकारीचा परवाना वगैरे नसल्यास, शस्त्र वा काडतूस बाळगण्यास तेथील संघीय कायद्याची मनाई आहे. आम्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिलो. आमचे जुने धर्मविधिशास्त्रही काही वेगळे सांगत नव्हते. १९१७ च्या संहितेतील १३८ वा नियम धर्मगुरूंना शस्त्र बाळगण्यास मना करीत असे. भीतीचे न्याय्य कारण असेल तर मात्र सूट होती.

आमच्या स्नेह्यांचे हात चालू लागले आणि दुकानदार त्यांच्याकडे आदराने पाहू लागला. प्रथम सिलिंडर बाहेर काढून पाचही घरे रिकामी असल्याची खात्री. मग नळीत प्रकाश पाडून आतल्या वळशाच्या खाचा पाहणे; तेथे गंजाचे खड्डे नकोत. सिलिंडर ज्या बिजागरीवर झुलते तिच्या खोबणीत क्रमांक कोरलेला असतो, तेथे 'मॉड. ६०' एवढेच होते, पुढे सुधारित आवृत्तीचा आकडा नव्हता. म्हणजे हे पहिल्या घडणीतले. मग घोडा अगदी सावकाश मागे ओढायचा आणि तो पूर्ण चढण्याच्या आधी सिलिंडर जागच्या जागी अडकते की नाही हे कानाने ऐकायचे. पाचही घरांसाठी हे केले. अडकल्यावर सिलिंडर हलवून पाहिले, खिळखिळे नव्हते. शेवटी स्क्रूंची डोकी पाहिली. कोणा अडाण्याने चुकीचा पेचकस लावला असेल तर तेथे कळते. अक्रोडाच्या लाकडाची मूठ मूळचीच होती. पाऊण तास हे चालले होते. मिस्साच्या प्याल्याला नवा मुलामा देऊन आणल्यावर आमच्या जुन्या साक्रिस्तांना इतक्या बारकाईने पाहताना आम्ही पाहिले आहे, इतरत्र क्वचितच.

किंमत सातशे डॉलरच्या आतबाहेर. पोलीसप्रमुखांनी दिलेला परवाना स्नेह्यांजवळ होता. संघीय अर्ज भरून झाला, दूरध्वनीवरून पार्श्वभूमीची तपासणी झाली आणि सुमारे साडेपाचशे ग्रॅम वजनाचा तो ऐवज कुलपाच्या डबीत घालून आम्ही घरी आलो.

पुढच्या शनिवारी नेमबाजीच्या क्लबात आम्ही काचेमागे, कानांवर आवाजरोधक लावून बसलो होतो. छोटे रिव्हॉल्व्हर चालवणे मोठ्यापेक्षा अवघड असते: नळी जेमतेम दोन इंचांची, नेम धरण्याच्या खुणा बारीक आणि वजन कमी असल्यामुळे हाताला बसणारा हिसका जोराचा. घोडा आधी चढवला तर चाप हलकेच सुटतो. न चढवता नुसता चाप ओढला तर बोटाला लांब आणि जड ओढ पडते. स्नेह्यांनी दोन्ही प्रकारे पाच-पाच गोळ्या झाडल्या. सात यार्डांवरच्या कागदावर पहिली पाच छिद्रे हाताच्या पंजाएवढ्या जागेत, दुसरी पाच भाताच्या ताटाएवढ्या. पासष्टीच्या उंबरठ्यावरचा तो माणूस मुलासारखा हसत बाहेर आला. तो आनंद खोटा किंवा पापमय होता असे आम्ही म्हणणार नाही. अचूक घडवलेली वस्तू अचूक चालवण्यात माणसाला जो हर्ष होतो, तो सुताराच्या घरी वाढलेल्या प्रभूला अपरिचित नसणार.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून सफाई झाली. पितळी तारांचा बारीक ब्रश, उग्र वासाचा द्राव, जुन्या बनियनच्या चिंध्या. वहिनी पलीकडे भांडी घासत होत्या. त्यांनी गावाहून आणलेले, नाव कोरलेले पातेले निथळत होते आणि इकडे रिव्हॉल्व्हर चमकत होते. स्नेह्यांनी फ्रिजवरचे चुंबक काढून आम्हाला गंमत दाखवली. पातेल्याला ते चिकटले नाही, रिव्हॉल्व्हरला चिकटले. पातेल्यात निकेल असते. बंदुकीचे पोलाद मात्र ब्रेअर्लींच्या मूळ जातीला जवळचे. आमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे होते. निळ्या मुलाम्याचे जुने शस्त्र असते तर मुठीजवळ, नळीच्या टोकाशी तो उडालेला दिसला असता. कोणी तरी हे वागवले आहे, हे कळले असते. यावर काहीच नव्हते. पन्नासएक वर्षांत ते कोणाच्या कमरेला होते, कोणावर रोखले गेले, हे सांगणारी एक खूण नाही. मातामरियेला आपण जो 'निष्कलंक' शब्द लावतो, तोच इंग्रज व्यापाऱ्याने या धातूला लावला. आम्हाला तो शब्द त्या टेबलावर किंचित अस्वस्थ करून गेला.

"फादर, आशीर्वाद द्याल?" स्नेह्यांनी विचारले. वहिनींचे हात थांबले.

ही मागणी विक्षिप्त नव्हती. बिशपांच्या जुन्या रोमन विधिग्रंथात शस्त्रांना व युद्धध्वजांना आशीर्वाद देण्याचे विधी होते. ख्रिस्तसभेचा १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करतो. इतरांच्या जिवाची जबाबदारी असलेल्यांना तर ते कर्तव्य ठरू शकते, असे तो संत थॉमस अक्वायनस यांच्या आधारे शिकवतो. बळाचा वापर मात्र गरजेपुरताच असावा, ही त्याची अट आहे. शिष्यांजवळ दोन तलवारी होत्या हे संत लूक लिहितात. त्यांतल्या एकीने कान तुटल्यावर प्रभूने तो बरा केला, हेही तेच लिहितात. आम्ही घराला आणि घरातील माणसांना आशीर्वाद दिला. कपाट घरातच होते, असे स्नेही हसून म्हणाले. आम्ही त्यावर वाद घातला नाही.

अमेरिकेत काही कॅथलिकांनी संत गॅब्रिएल पोसेंती यांना पिस्तूलधाऱ्यांचे आश्रयदाते करावे अशी चळवळ चालवली होती. १८६० साली इटलीतील इसोला गावात त्यांनी धावत्या सरड्यावर नेम साधून लुटारूंना पळवून लावले, अशी कथा सांगतात. तिला समकालीन आधार नाही असे अभ्यासकांचे मत आहे आणि रोमने ती मागणी मान्य केलेली नाही. क्षयाने चोविसाव्या वर्षाच्या आत गेलेल्या या संताला इटलीतील तरुण आपला आश्रयदाता मानतात, ते आम्हाला अधिक पटते.

तरुणांचा उल्लेख आला तो अकारण नव्हे. २०२२ साली स्नेह्यांचा एकोणीस वर्षांचा नातू कॉलेज अर्धवट सोडून त्यांच्याकडे राहायला आला. त्या मुलाविषयी येथे अधिक लिहिणे उचित होणार नाही. तो बोलत नसे, झोपत नसे, इतके पुरे. वहिनींनी आम्हाला फोन केला. प्रार्थना मागितली आणि मग हळूच म्हणाल्या, "फादर, ते कपाटात आहे ना!"

तेथील आकडे आम्ही वाचले होते. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली आणि त्यांतील २६,३२८ आत्महत्या होत्या. घरातली बंदूक चोरावर रोखली जाईल या हिशेबाने घेतात. ती अधिक करून घरच्याच माणसाचा बळी घेते. बंदुकीने केलेल्या प्रयत्नांतून दहापैकी एखादाच वाचतो. इतर बहुतेक मार्गांनी प्रयत्न करणारे पुष्कळ जण वाचतात आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक पुन्हा त्या वाटेने मरत नाहीत. वाईट घडी टळेपर्यंत शस्त्र घराबाहेर असणे, याला डॉक्टरांच्या औषधाइतके मोल आहे.

आम्ही स्नेह्यांना फोन केला. कुलूप आहे, किल्ली माझ्या कमरेला आहे, असे ते म्हणाले. आम्ही विचारले, तुम्ही झोपता तेव्हा? बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "फादर, ते मी वापरायला घेतलेच नव्हते. मला ते आवडते." यात लटके काही नव्हते, हे आम्हाला ठाऊक होते, पाऊण तास ते हात चालताना आम्ही पाहिले होते. तेवढ्यासाठीच तर ही विनंती जड होती. जे आवडत नाही ते घराबाहेर काढण्यास कोणाला सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्लबातील एका परवानाधारक मित्राच्या तिजोरीत रिव्हॉल्व्हर कायदेशीर रीतीने नेऊन ठेवले. नातू पुढे डॉक्टरांकडे जाऊ लागला. आता तो आजोबांच्याच जुन्या यंत्रशाळेत काम शिकतो. रिव्हॉल्व्हर परत आणण्याची गोष्ट वहिनींनी काढलेली नाही आणि स्नेह्यांनीही. दोन महिन्यांतून एकदा ते मित्राकडे जातात, तिजोरी उघडतात, सिलिंडर बाहेर काढून पाचही घरे पाहतात, तेलाचे बोट फिरवतात, घोडा सावकाश ओढून तो आवाज ऐकतात आणि परत ठेवून येतात. गरज नाही तेलाची, असे स्वतःच सांगतात. पोलाद जसेच्या तसे आहे.