माकली आणि कद्दीश

२०२३ सालच्या मे महिन्यात आम्हाला जपानला जाण्याचा योग आला. आमचा एकुलता एक मुलगा नोकरीनिमित्त तोक्योजवळच्या उरायासु गावी सहकुटुंब राहतो. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये आमचे यजमान आम्हाला सोडून गेले होते. त्यांच्या पहिल्या वर्षाच्या दिवशी मुलाने सिनेगॉगमध्ये उभे राहून कद्दीश म्हणावा, एवढीच आमची इच्छा होती. तेव्हा तीन आठवडे नातीच्या सहवासात काढायचे आणि परतताना मुलाला बरोबर घेऊन यायचे, असा बेत ठरला.

उरायासु म्हटले की जपानी मुलांना डिस्नेलँड आठवते. ते तेथे १५ एप्रिल १९८३ रोजी उघडले. पण आम्ही रेवदंड्याच्या बाजूचे, समुद्राच्या वासावर वाढलेले. पहिल्याच संध्याकाळी आम्ही विचारले, "इथे कोळणी कुठे बसतात रे?" मुलगा हसला आणि म्हणाला, "आई, तू उभी आहेस ना, तिथे पूर्वी समुद्रच होता."

दुसऱ्या दिवशी नातीने आम्हाला गावच्या संग्रहालयात नेले. तेथे जुने उरायासु मांडून ठेवले आहे : लाकडी घरे, कालवा आणि एकेका माणसाच्या चपट्या होड्या. त्यांना बेकाबुने म्हणतात. गावचे लोक उथळ पाण्यात शिंपल्या वेचत आणि नोरी नावाचे शेवाळ पिकवीत. १९५८ साली वरच्या अंगाच्या कागद कारखान्याचे काळे पाणी नदीतून समुद्रात आले, शिंपल्या मेल्या आणि चिडलेले कोळी कारखान्यात घुसले. त्याच वर्षअखेर जपानात पाण्याच्या शुद्धतेचे पहिले कायदे झाले. पण समुद्र काही परतला नाही. १९६२ मध्ये कोळ्यांनी मासेमारीचे काही हक्क सोडले आणि १९७१ मध्ये उरलेले सगळे. भराव घालून गाव मूळच्या जवळजवळ चौपट झाले. २०११ च्या भूकंपात हीच भरावाची जमीन चिखलासारखी पातळ होऊन रस्ते खचले. समुद्र सोडून आलेली माणसे आम्हीही आहोत. त्या होड्यांपुढे आम्ही बराच वेळ उभे राहिलो.

आता मुख्य गोष्ट. आमच्या मुलाला पाण्याखाली बुड्या मारण्याचा छंद आहे. लष्करातून सुटल्यावर एलातला तो शिकला. जपानात तो इझू द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर जातो, तोही रात्री, आणि कशासाठी? तर माकल्या पाहण्यासाठी! आमची आजी कोळणीच्या पाटीत माकली दिसली की नाक मुरडून म्हणे, "पर नाहीत, खवले नाहीत, ती आपली नव्हे." जी वस्तू आपल्या चुलीवर चढत नाही, तिच्या दर्शनासाठी पाठीवर हवेची टाकी बांधून काळोख्या पाण्यात उतरायचे, हे आम्हाला पटेना.

मुलगा समजावू लागला. जपानी लोक तिला आओरी-इका म्हणतात. वसंतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी मोठमोठ्या माकल्या किनाऱ्याजवळ अंडी घालायला येतात. काहींचे वजन दोन-तीन किलो असते. त्यांना अंडी चिकटवायला जागा मिळावी म्हणून तेथील बुड्या मारणारे झाडांच्या फांद्या बांधून तळाशी सोडतात. अंड्यांच्या पांढऱ्या शेंगांचे घोस त्यांवर लोंबतात. रात्री दिव्याच्या उजेडाला लहान मासे जमतात आणि त्यांच्यामागून माकल्या येतात. आयुष्य जेमतेम वर्षाचे. अंडी घातली की संपले. "तीन हृदये असतात आई, आणि रक्त निळे," तो म्हणाला.

यावर आम्हालाही बोलणे भाग पडले. छत्तीस वर्षे इस्पितळात काढली, तेव्हा एवढे ठाऊक होते की माकलीचा एक मज्जातंतू डोळ्यांना दिसेल इतका जाड असतो. त्याच्यावरच हॉजकिन आणि हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञांनी नसांतून संदेश कसा धावतो ते शोधले आणि १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दात काढताना बधिर करणारे औषध नसेत काय करते, हेही त्याच वाटेने कळले. मुलगा खूष झाला. "म्हणजे तुझी आणि तिची जुनी ओळख!"

निघण्याच्या आदल्या रविवारी आणि सोमवारी रजा काढून तो इझूला गेला. विमान बुधवारी सकाळचे होते. एकाहून अधिक बुड्यांनंतर निदान अठरा तास विमानात बसू नये असा नियम आहे. त्याने तर छत्तीस तास राखले होते. आम्ही निर्धास्त झालो.

मंगळवारी पहाटे तो स्वयंपाकघरात उजवे कोपर धरून बसलेला दिसला. "टाकी उचलून दुखतंय," म्हणाला. आम्ही हात लावून पाहिला. सूज नाही, लाली नाही, दाबले तरी दुखणे वाढत नाही. आत खोल कुठेतरी ठणका. बोटांना मुंग्या. मग आम्ही पिशवीतून रक्तदाब मोजण्याचे यंत्र काढले, त्याचा पट्टा कोपरावर गुंडाळून हवा भरली. "आता बरं वाटतंय," तो म्हणाला. हवा सोडली, ठणका परत आला. ही काही खात्रीची परीक्षा नव्हे, पण आमच्या पोटात गोळा आला.

वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. खोल पाण्यात दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात व अंगात मुरतो. माणूस हळूहळू वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात, सांध्यात अडकतात, कधी मज्जारज्जूतही. विमानात हवेचा दाब एखाद्या दोन हजार मीटर उंच डोंगरावर असावा तितका कमी होतो आणि बुडबुडे आणखी फुगतात.

सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हाला त्याचं बुडी मारणं आवडत नाही, म्हणून तर असं वाटत नाही ना?" तिचा राग आला नाही, कारण हाच प्रश्न आम्ही स्वतःला विचारीत होतो. आणि दुसरा प्रश्न त्याहून कठीण होता. तो विमानात बसला नाही तर शुक्रवारी कद्दीश कोण म्हणणार? वर्षभर ज्या एका गोष्टीकडे डोळे लावून बसलो, ती आपल्याच तोंडाने मोडायची! एक क्षण, खरे सांगतो, मनात आले की कोपरच तर आहे, गप्प बसावे. मग यजमानांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मुलाला अपंग करून म्हटलेला कद्दीश त्यांनी ऐकला असता काय?

आम्ही सांगितले, "तिकीट रद्द कर. इस्पितळात चल."

तोक्योतील इस्पितळात त्याला प्राणवायू लावला आणि मग दाबाच्या खोलीत ठेवले, सुमारे पावणेपाच तास. आत दाब वाढला तसा ठणका गेला, तेव्हा डॉक्टरांनी आमच्याकडे पाहून मान डोलावली. निदान पुरे झाले. निदान तीन दिवस विमानाचे नाव नको, असे बजावले. बाहेर आल्यावर मुलाने कबूल केले, "एक फार मोठी होती आई. डोळे हिरवे चमकत होते. ती वर निघाली, मीही तिच्यामागे निघालो. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं विसरलो."

बुधवारी आम्ही एकटेच निघालो. शुक्रवारी आमच्या धाकट्या दिरांनी भावासाठी कद्दीश म्हटला. आम्ही ऐकला, आमेन म्हटले, आणि घरी येऊन मात्र खूप रडलो.

२०२४ साली मुलगा सहकुटुंब आला. कद्दीश म्हणताना त्याचा आवाज बापासारखाच लागला. संध्याकाळी त्याने त्या रात्रीची फिल्म दाखवली. काळ्या पाण्यात ती मोठी माकली, अंगावरून रंगांच्या लाटा जात होत्या. नात मांडीवर बसून म्हणाली, "आज्जी, हिला आपण खात नाही ना? मग ती आपल्याला का घाबरते?" उत्तर सुचले नाही. इतकी वर्षे जिच्याकडे नाक मुरडून पाहिले, तिच्याकडे त्या दिवशी प्रथम नीट पाहिले.

तो अजून बुड्या मारतो. आम्ही नको म्हणत नाही. आपल्याही पुष्कळ घरांतली मुले एलातला जातात. त्यांना एवढेच सांगावे : वर येताना थांबा, विमानाची घाई करू नका आणि सांधा ठणकला तर आईपासून लपवू नका. कद्दीश पुढल्या वर्षीही म्हणता येतो.