डावखुऱ्या लेकीची रायफल

थोडं लांबलंय, पण मुलांना शूटिंगला घातलेल्या पालकांनी वाचाच.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं आणि कोल्हापुरात रेंजवर पोरांची रांग लागली. त्यात माझी लेकही होती. वय तेरा, डावखुरी. रेंजवरच्या सगळ्या रायफली उजव्या हाताच्या. वर्षभर तिनं तशीच ओढाताण केली. शेवटी सर म्हणाले, "दादा, हिला स्वतःची घ्या."

शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न, "घरात बंदूक? परवाना काढला का?" १० मीटरची मॅच एअर रायफल .१७७ बोअरची असते, ताकद २० ज्यूलच्या बरीच खाली. तिला परवाना लागत नाही. लागतो तो पैसा. जर्मन बनावटीची नवी, वाल्थर नाहीतर फाइनवर्कबाऊ, म्हणजे लाखांतली गोष्ट. मी वर्कशॉपमधला माणूस. साहजिकच जुनी शोधायला लागलो.

एक मिळाली. नाव मोठं, पॉलिश चकाचक, डाव्या हाताची ग्रिपसुद्धा. ॲडव्हान्स द्यायला खिशात हात घातला होता, तेवढ्यात सरांनी हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचली. स्पर्धेत बनावटीपासून दहा वर्षांपर्यंतचाच सिलिंडर चालतो. याचे चार महिने उरले होते. विकणारा म्हणाला, "चालतंय हो, कोण बघतंय?" घरचा गॅस घेतानासुद्धा आपण टाकीवरची तारीख बघतो, आणि इथं २०० बार दाबाची टाकी पोरीच्या तोंडाजवळ! तिथून उठलो.

मग सरांनी शिकवलं. कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी बघायचं. आधी पोरीनं रायफल खांद्याला लावून डोळे मिटायचे, उघडायचे. साइट आपोआप डोळ्यासमोर आली तर बट आणि गालाची पट्टी तिला बसली. मान वाकवून शोधावी लागली तर आधी सेटिंग फिरवून बघायचं, तरी जमेना तर सोडून द्यायची. वजनाची मर्यादा साडेपाच किलो आहे, पण तेरा वर्षांच्या पाठीला तेवढं कशाला? हलकी घ्यावी, वजन पुढं वाढवता येतं. नंतर रायफल क्लॅम्पमध्ये आवळून पेलेट मारायचे. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा. पाच पेलेट एकाच भोकात गेले तर बॅरल ठीक. नाही गेले तर दुसऱ्या डब्याचे मारून बघायचे, कारण एकाच बॅरलला एक बॅच मानवते, दुसरी नाही. पेलेटचा डबा बदलून सुटणाऱ्या दुखण्यासाठी लोक रायफल बदलतात, हे तेव्हा कळलं.

ही परीक्षा घ्यायला क्लॅम्प लागतो. आमच्या रेंजवर तो नाही. पदक आलं की मिरवणूक, फ्लेक्स, बक्षिसं. येऊ देत, पोरानं कमावलंय. पण एक क्लॅम्प, दोन डाव्या ग्रिप आणि तारखेतले सिलिंडर रेंजवर असते, तर माझ्यासारख्यानं सोसायटीचं कर्ज काढण्याआधी पोरीला हा खेळ झेपतो का, एवढं तरी कळलं असतं.

कर्ज मंजूर झालंय. सरांच्या ओळखीनं पुण्यात एक रायफल बघितलीय, सिलिंडरला सात वर्षं आहेत. रविवारी लेकीला घेऊन जातोय, डोळे मिटून बघायला.

क्लॅम्प आणि ग्रिपसाठी अर्ज दिलाय, पंधरा पालकांच्या सह्यांनिशी. पोच माझ्याकडे आहे. कुणाला सही करायची असेल तर संध्याकाळी रेंजवर या.