अर्धी ओळ

सुरतेत थंडी उशिरा येते आणि उंबऱ्यावरूनच परत जाते. नवागामच्या आमच्या गल्लीत पहाटे पंखा बंद करावासा वाटला की समजायचं, आली. मग माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरते, गोधड्या गच्चीवर उन्हात पडतात, आणि रिकाम्या होत चाललेल्या पेटीच्या तळातून तो वास वर येतो. आधी डांबरगोळीचा, उग्र. त्याच्याखाली जुन्या लोकरीचा, किंचित मेंढरासारखा, किंचित धुळीसारखा. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, साडीवर खडे चिकटवायच्या गोंदाचा. हे तीन वास एकत्र आले की माझ्या कानात एक आवाज सुरू होतो. वासानं आवाज कसा जागा होतो, मला सांगता येणार नाही. पण होतो. दोन सुया एकमेकींना हलकेच लागत असल्याचा. टिक्. टिक्. मध्ये एक श्वास. टिक्.

आमच्या लहानपणी हा आवाज ऐकू यायला तसं काही कारण नव्हतं. बाप लूमवर होता. बारा तासांची पाळी, पंधरा दिवस दिवसाची, पंधरा दिवस रात्रीची. आजूबाजूचे सगळेच कुठल्या ना कुठल्या कारखान्यात, कुणी धुळ्याकडचं, कुणी अमळनेरचं, कुणी शहाद्याचं. गल्लीत निम्मी अहिराणी, निम्मी गुजराती, शाळेत मराठी, आणि या सगळ्यावर यंत्रांची खडखड अशी सतत पांघरलेली, की सुट्टीच्या दिवशी ती थांबली तर कान दुखल्यासारखे व्हायचे. त्या खडखडीत मायच्या सुयांचा आवाज म्हणजे भर पावसात कुणी मनातल्या मनात मोजत बसावं, तसा. तरी मला तो यायचा. तिच्या मांडीला डोकं टेकून झोपायचे मी. कदाचित कानानं नाही, तिच्या मांडीतूनच तो मला यायचा.

यंदा पेटी पुसताना एक पिशवी हाताशी आली. दरवर्षी येते आणि दरवर्षी मी ती तशीच परत ठेवते. यंदा ठेवली नाही. का, ते माहीत नाही. ऊन बरं पडलं होतं, एवढंच.

आत वाळलेल्या मेथीच्या रंगाची लोकर. एका स्वेटरची पुरी झालेली पाठ, घडी घालून, आणि पुढचा भाग, काखेपर्यंत येऊन थांबलेला, अजून सुयांवरच. करड्या ॲल्युमिनियमच्या, दहा नंबरच्या सुया. दोन सुलट, दोन उलट, दोन सुलट, दोन उलट अशी साधी वीण, वरपासून खालपर्यंत, अंगासरशी बसणारी आणि अंग हललं की सैल होणारी. कसर लागलेली नव्हती. फक्त सुयांवरचे टाके ताणून ताणून लांबट झाले होते, दावणीला बांधून विसरलेल्या जनावरासारखे दमलेले.

आणि मग मला ते दिसलं. ओळ अर्धीच होती.

विणणाऱ्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही. ओळीच्या मध्यात काम सोडायचं नसतं. सोडलं तर दोन सुयांच्या सांध्यात टाका ओढला जातो, तिथे एक भोक, एक चरा राहतो, आणि नंतर कितीही धुवा, वाफ द्या, पाहणाऱ्याला नाही तरी विणणाऱ्याला तो दिसत राहतो. मला पहिल्यांदा सुया हातात दिल्या तेव्हा मायनं टाके घालायला शिकवायच्याही आधी हे शिकवलं होतं, "ओळ पुरी करीसन उठानं." दूध उतू जात असलं तरी. दारात कुणी उभं असलं तरी. दूध सांडलं तर पुसता येतं, म्हणायची.

मी टाके मोजले. उजव्या सुईवर सदतीस. डाव्या सुईवर सत्तेचाळीस. माय उठली होती. ओळ टाकून.

हा स्वेटर आबांचा, म्हणजे मायच्या वडलांचा. 1994 च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची आवई उठली आणि चार दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडलं, त्यात आम्हीही होतो. उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत दाराला लोंबकळलेली माणसं, खिडकीतून आत ढकललेली पोरं, तोंडाला बांधलेले रुमाल. मी नऊ वर्षांची होते. भीतीपेक्षा मला शाळा बुडाल्याचा आनंद जास्त आठवतो, आणि मायनं मला पोटाशी इतकं आवळून धरलं होतं की तिच्या बांगड्यांचे वळ माझ्या दंडावर दोंडाईचा येईपर्यंत होते. तिथून एस.टी.नं सारंगखेडा. तापीकाठचं मायचं माहेर. सुरतेला जी तापी समुद्राला मिळायच्या घाईत गढूळ होऊन जाते, तीच इथे वाळूत पाय पसरून निवांत पडलेली. माय पोचल्या पोचल्या तिच्याकडे बघून म्हणाली, ही आपल्या आधी निघाली असती तर आपल्यालाच तिथे भेटली असती. तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

त्या महिना-दीड महिन्यात मायनं आबांना पहिल्यांदा नीट पाहिलं असावं. लेक सासरी गेली, मग सुरतेला गेली. दिवाळीत चार दिवस येणार, त्यात बाप म्हातारा झाल्याचं कुठे कळतं. खानदेशातला उन्हाळा सगळ्यांना ठाऊक असतो, तिथली थंडी ज्याला सोसावी लागते त्यालाच. नदीवरून वारा सुटतो आणि हाडात शिरतो. आबांचा स्वेटर कोपरांवर विरला होता, आत त्यांनी दोन बंड्या घातलेल्या असायच्या. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, एकमुखी दत्ताची. घोड्यांचा बाजार लागतो, लांबलांबचे घोडे येतात, आणि आबा पहाटेपासून त्या बाजारात. घोडा विकत घ्यायची ऐपत त्यांना कधी नव्हती. नुसते घोडे बघायचे. दात बघायचे, पाय बघायचे, मालकाशी भावही करायचे. त्या पहाटेच्या थंडीत बापाच्या अंगावर नवा स्वेटर असावा, असं मायला वाटलं. परत येताना तिनं दोंडाईच्याच्या बाजारात लोकर घेतली. गाडीतच टाके घातले. नंदुरबार यायच्या आत दोन बोटं पट्टी तयार होती.

दिवाळी झाली. लूम पुन्हा सुरू झाले. मधले कित्येक आठवडे बंद पडलेलं काम एकदम अंगावर आलं, त्यात तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. सुरतेतल्या साडीला थंडी-वारा नसतो, मुहूर्त असतो. बाहेरगावच्या लग्नांसाठी साड्या निघायच्या त्या आधी आमच्यासारख्या घरांतून फिरून यायच्या. गठ्ठ्यानं यायच्या, त्यांना लेस लावायची, धागे कापायचे, खडे चिकटवायचे आणि सांगितलेल्या वेळेला गठ्ठा बांधून तयार ठेवायचा. नगावर पैसे. माय खड्यांचं काम करायची. गोंदाचा एक थेंब, त्यावर एक खडा, चिमटीनं दाबायचा. थेंब, खडा, दाब. पदरावर किती, काठावर किती, ते खडूनं आखलेलं असायचं. घरात झोपायला जागा उरायची नाही इतक्या साड्या पसरलेल्या, गुलाबी, शेंदरी, मोरपंखी. आणि आम्ही दोघी बहिणी त्यांच्या काठाकाठानं अंग चोरून चालायला शिकलो. अजूनही मी गर्दीत तशीच चालते.

तिच्या हातून किती साड्या गेल्या असतील? मी एकदा हिशेब करायला बसले होते आणि सोडून दिला. पण एवढं मला नक्की माहीत आहे की एकही गठ्ठा तिनं उशिरा दिला नाही. ताप असताना दिला, माझ्या बहिणीच्या वेळेचे दिवस भरत आलेले असताना दिला. कुठल्या गावातल्या, कुठल्या मांडवातल्या बाया त्या साड्या नेसून मिरवल्या असतील, त्यांच्या पदरावरचा एक एक खडा तिनं वेळेत बसवला. आणि पेटीच्या तळाशी जे जे अर्धं होतं ते ते आपल्या माणसांचं होतं. माझ्या बहिणीचं क्रोशाचं टोपडं, साखळी आणि खांबांच्या चार फेऱ्या झालेलं. दाराचं तोरण, मणी ओवलेले तीनच मोर. एक गोधडी, जिची एक बाजू शिवलेली आणि दुसरीला अजून धावदोरा नाही. मी ही नावं आज एकेक घेतली तेव्हा घशात काही आलं. इतकी वर्षं मी त्यांना पसारा म्हणत होते.

सारंगखेड्याच्या मळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकलेले असायचे, त्यांत काही अर्धेच असत, उलट्या टोपीसारखे, खालचा बोळ नसलेले. आम्हाला वाटायचं पक्षी मेला. पुढे कधीतरी वाचलं की खोपा नर विणतो, अर्धा विणून थांबतो, मादी येऊन पारखते, तिला रुचला तरच तो पुरा होतो. नाही तर तसाच सोडून दुसरा घेतो. वाचल्यावर मला बरं वाटलं नव्हतं, वाईटही नाही. फक्त वाऱ्यावर हलणारे ते अर्धे खोपे डोळ्यांपुढे आले, इतके नीट विणलेले.

दत्तजयंतीच्या आधी तीन दिवस आबा गेले. झोपेत. निरोप गल्लीतल्या एकुलत्या फोनवर आला. मी इतकी वर्षं धरून चालले होते की माय तो निरोप ऐकून उठली, ओळ टाकून, आणि परत बसलीच नाही. म्हणूनच ती पिशवी मी उघडत नव्हते. आपल्या हातानं कुणाचा तो क्षण कसा हलवावा?

माय आता बहात्तरची आहे. खाटेवर उन्हात पाय पसरून बसली होती. खड्यांनी डोळे नेले, बोटं सांध्यांत आखडली. मी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, "माय, तू त्या दिवशी ओळ अर्धी टाकून उठलीस. आबांचा फोन आला तेव्हाच ना?"

तिनं लोकरीवरून हात फिरवला. बराच वेळ. मग मान हलवली.

"गठ्ठा उना," ती म्हणाली.

एवढंच. साड्यांचा गठ्ठा आला होता. टेम्पोवाला खालून हाका मारत होता, उतरवून घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. संध्याकाळी बसू, असं म्हणून ती उठली. मंग करसू. निरोप दुसऱ्या दिवशी आला.

मी काही बोलले नाही. गच्चीवर कुणीतरी गोधडी झटकत होतं. लांबून गाडीचा भोंगा आला आणि विरला.

दुपारी मी सुया हातात घेतल्या. माझा हात सैल आहे, तिचा घट्ट. दोघींचे टाके शेजारी बसले की सीमा दिसणारच, आणि उसवून सगळं एका हाताचं करावं, हा विचार मनात येऊन गेला. नव्या लोकरीसारखं ते उसवत नाही. इतकी वर्षं वीण धरून बसलेला धागा सुटला तरी कुरळाच राहतो, धुऊन, वजन लावून वाळत घालावा तेव्हा कुठे सरळ होतो. आणि उसवायचं तर तिच्या हातचे सदतीस टाके आधी जाणार. ते मला होईना. लांबट झालेले टाके नखानं हळूच खाली सारले, धागा बोटावर घेतला, आणि अडले. सदतीस. दोन-दोनच्या विणीत सदतीसावर कुणी कसं थांबेल? मागे मोजायचं की पुढे, मला उमजेना.

मायनं हात पुढे केला. डोळे मिटलेलेच होते. आखडलेला अंगठा तिनं उजव्या सुईवरच्या शेवटच्या टाक्यावर ठेवला, मग डाव्या सुईच्या पहिल्यावर, जोंधळ्याचा दाणा चाचपावा तसा.

"एक सुलट राही गया," ती म्हणाली.

मी तो घातला. सुया एकमेकींना लागल्या. टिक्. मायनं मान भिंतीला टेकवली आणि ओठांतल्या ओठांत पुढचं सांगायला लागली, दोन उलट, दोन सुलट, दोन उलट.