फीचा आकडा, पगाराचा आकडा

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो, आता पुढे काय? डॉक्टरकी हुकलेल्या मुलांच्या घरात तो जरा जास्तच टोचतो. अशा घरांच्या वाटेवर आजकाल बरीच माणसे माहितीपत्रके घेऊन उभी असतात. "डॉक्टर नाही तर नाही, दवाखान्यात तर लागेल," असे ती म्हणतात आणि आईबापांनाही ते पटते.

माझी थोरली बहीण तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. दीड एकर द्राक्षबाग, दोन म्हशी आणि एकुलती एक मुलगी असा तिचा संसार. २०२४ साली भाची बारावी विज्ञान शाखेतून अठ्ठावन्न टक्क्यांनी पास झाली. 'नीट'मध्ये मात्र गुण बेताचेच पडले. त्याच आठवड्यात कोणीतरी भाऊजींच्या हातात एक रंगीत पत्रक दिले. 'मेडिकल असिस्टंट' नावाची एक वर्षाची पदविका, फी एक लाख वीस हजार, नोकरीची शंभर टक्के हमी!

भाऊजींनी तिच्या लग्नासाठी दोन लाखांची ठेव ठेवली होती. एक वर्षाचा सगळा खर्च जवळजवळ तेवढ्यात बसत होता. कर्ज नको, कोणापुढे हात पसरणे नको, वर्षात पोरगी कमावती. ताईचा फोन आला, "तू बँकेत आहेस, जरा येऊन हिशेब बघ. सोमवारी पैसे भरायचेत."

मी शनिवारीच गेले, पण आधी मिरजेत उतरले. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय काढले आणि तेव्हापासून हे गाव वैद्यकीच्या नावाने ओळखले जाते. आज गल्लोगल्ली दवाखाने आहेत. ओळखीच्या चार-पाच ठिकाणी जाऊन मी एवढेच विचारले, की मुलगी कामाला ठेवायची झाली तर पगार काय द्याल?

उत्तरे सगळीकडे जवळजवळ सारखीच आली. काहीच न शिकलेली पण चुणचुणीत मुलगी आठ हजारांवर लागते. केसपेपर काढणे, पेशंटला आत सोडणे, रक्तदाब मोजणे हे ती दोन महिन्यांत शिकते. एक वर्षाचा कागद असेल तर दहा हजार. तीन वर्षांचा जीएनएम, म्हणजे परिचारिकेचा अभ्यासक्रम करून नोंदणी झालेली असेल तर सोळा ते अठरा हजार.

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही वही उघडली. पत्रकातली फी १,२०,०००. वसतिगृह आणि जेवण महिन्याला ६,००० प्रमाणे वर्षाचे ७२,०००. गणवेश, पुस्तके, परीक्षा फी यांचे १५,०००. एकूण २,०७,०००. इथवर भाऊजींचाही हिशेब तसाच होता. मी पुढची ओळ लिहिली, बुडालेला पगार. हीच मुलगी आज कामाला लागली तर वर्षाला ९६,००० मिळवील. ते मिळणार नाहीत, म्हणजे तोही खर्चच. एकूण झाले ३,०३,०००.

आणि वाढले काय? आठाचे दहा, म्हणजे महिन्याला दोन हजार, वर्षाला चोवीस हजार. तीन लाख तीन हजारांना चोवीस हजारांनी भागले. साडेबारा वर्षे!

भाऊजींनी वही स्वतःकडे ओढून पुन्हा भागाकार केला. उत्तर तेच आले.

मग जीएनएम मांडला. आम्ही चौकशी केलेल्या खासगी संस्थेची फी वर्षाला ९०,०००. तीन वर्षांची फी २,७०,०००, राहणे-जेवण २,१६,०००, बाकी किरकोळ ३४,०००. एकूण ५,२०,०००. तीन वर्षांचा बुडालेला पगार २,८८,०००. बेरीज ८,०८,०००. आकडा पाहून ताईने पदर तोंडाला लावला. पण पगार सतरा हजार धरला तर आठ हजारांपेक्षा नऊ हजार जास्त, म्हणजे वर्षाला १,०८,०००. खर्च भरून निघायला साडेसात वर्षे. कर्जाचे व्याज धरले तर आणखी दोन-सव्वादोन. तरीही पावणेदहाच.

शिवाय दहा हजारवाली वाट पुढे फारशी चढत नाही. नोंदणीकृत परिचारिकेपुढे पायऱ्या असतात. जीएनएमनंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षे काम केले की 'एम्स'सारख्या संस्थांच्या भरती परीक्षेला बसता येते. सातव्या वेतन आयोगाने केंद्र सरकारच्या परिचारिकांचे सुरुवातीचे मूळ वेतनच ४४,९०० रुपये ठरवले. अर्थात परीक्षेला बसणाऱ्या सगळ्याच निवडल्या जात नाहीत. म्हणून हा आकडा मी बेरजेत धरला नाही, फक्त समासात लिहून ठेवला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान वीस हजार द्यावेत अशी शिफारस केली होती. मला मिरजेत जे आकडे ऐकायला मिळाले ते त्याहून कमीच होते. तेव्हा कागदावरचा पगार नव्हे, हातात पडणारा पगार धरूनच हिशेब करावा.

रविवारी आम्ही तिघी, म्हणजे ताई, भाची आणि मी, त्या एक वर्षाच्या संस्थेत गेलो. मी विचारले, गेल्या वर्षी किती मुली लागल्या, कुठे आणि किती पगारावर? उत्तर हसतमुख होते, पण त्यात एकही आकडा नव्हता. "हमी लेखी द्याल का?" या प्रश्नावर चहा आला. पदविकेला मान्यता कोणाची, यावर एका खासगी मंडळाचे नाव निघाले.

ही मान्यतेची गोष्ट प्रत्येक पालकाने नीट समजून घ्यावी. परिचर्येची संस्था असेल तर तिला भारतीय परिचर्या परिषद आणि राज्याची परिचर्या परिषद यांची मान्यता आहे का ते पाहावे, कारण नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह अशा इतर शाखांसाठी २०२१ साली केंद्राने स्वतंत्र कायदा केला. त्यात पदविका किंवा पदवी किमान दोन हजार तासांची आणि दोन ते चार वर्षांत विभागलेली असावी असे म्हटले आहे. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे प्रमाणपत्र त्या मापात बसत नाही. रंगीत पत्रकावर हे लिहिलेले नसते!

सवलतींचीही चौकशी करावी. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा, व्यवस्थापनाच्या जागेवरचा चालत नाही. आपला अभ्यासक्रम त्यात येतो का, हे पैसे भरण्याआधी विचारावे. सरकारी संस्थेत जागा मिळाली तर प्रश्नच नको, तिथली फी फारच कमी असते. भाचीचा नंबर तिथे लागला नाही.

आता राहिले कर्ज. बँकेत रोज पाहते त्यावरून मी एक साधा नियम धरते. हप्ता पहिल्या पगाराच्या एक तृतीयांशाहून जास्त नसावा. सतरा हजारांचा तिसरा हिस्सा ५,६६६. दहा टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे तर त्या हप्त्यात ३,४०,००० चे कर्ज बसते. शैक्षणिक कर्जाचे हप्ते शिक्षण संपल्यावर सुमारे वर्षाने सुरू होतात, पण व्याज मधल्या काळातही चढतच असते. ते दरमहा भरत राहिले तर बोजा वाढत नाही. पहिल्या वर्षी ते महिन्याला साडेनऊशेच्या आसपास येत होते, तिसऱ्या वर्षी अठ्ठावीसशे. ताई म्हणाली, "तेवढं म्हशी देतील."

पाच लाख वीसमधून तीन लाख चाळीस गेले, उरले एक लाख ऐंशी हजार. आणि घरात होती फक्त लग्नाची ठेव.

"ती मोडली तर लग्नाचं काय?" ताईने विचारले. "आणि रात्रपाळी करणाऱ्या पोरीला स्थळ कुठलं?"

भाऊजी बराच वेळ काही बोलले नाहीत. बोलली ती भाची. "मावशी, तू सगळं मांडलंस, पण मला हे काम जमेल का ते कुणी विचारलंच नाही. आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिची पाठ मीच पुसायचे, जखम मीच धुवायचे. मला किळस आली नाही. हे लिही की."

मी वही तिच्याकडे सरकवली. तिने ते स्वतःच्या अक्षरात लिहिले. भाऊजींनी वाचले आणि सोमवारी पत्रकाच्या संस्थेत न जाता ते ठेव मोडायला बँकेत गेले.

भाचीने मान्यता असलेल्या संस्थेत जीएनएमला प्रवेश घेतला. सगळे सोपे झाले आहे असे नाही. पहिल्या वर्षी ती दोनदा रडत घरी आली, एका वर्षी अवकाळी पावसाने बाग झोडपली आणि व्याजाचे दोन महिने ताईने कसेबसे काढले. लग्नाची ठेव परत कधी उभी राहील हे आज कोणीच सांगू शकत नाही. पण त्या घरात आता स्थळापेक्षा तिच्या परीक्षेच्या तारखा जास्त बोलल्या जातात.

तुमच्याही घरी असे पत्रक आले असेल तर एक वही घ्या. सगळा खर्च, बुडणारा पगार, हातात पडणारा पगार आणि हप्ता असे चार रकाने आखा. चार ठिकाणी स्वतः जाऊन आकडे आणा. आणि पाचवा रकाना मुलीला भरू द्या. पैसे त्यानंतर भरा.