तिकीट कापू नका, पाकीट जपा



मुलांना छंद लावायचा म्हटलं की पोस्टाची तिकिटं जमवणं आपल्याला हमखास आठवतं. छंद चांगलाच आहे. पण घरात जुनी पत्रं असतील तर माझी एक विनंती आहे. तिकीट कापू नका, अख्खं पाकीट जपा. का, ते सांगते.

मी सोलापुरात पाचवीला शिकवते आणि एकोणिसाव्या शतकातली टपालाची पाकिटं, कार्डं, त्यांवरचे शिक्के जमवते. सुरुवात सासरच्या ट्रंकेतून झाली. ट्रंक रद्दीत निघाली होती. आत मोडीतली पत्रं आणि अकरा पाकिटं. त्यांतल्या नऊ पाकिटांवरची तिकिटं घरातल्याच कुणीतरी कधीकाळी अल्बमसाठी कापून घेतलेली. आज तो अल्बमही नाही. तिकिटासोबत त्यावर मारलेला गावाचा शिक्काही गेला. आमच्या घराला त्या काळी पत्रं कुठून यायची, कोण लिहायचं, हे सांगणारं आता माणूसही नाही आणि शिक्काही नाही. राहिलंय ते चौकोनी भोक.

अख्खी राहिलेली दोन पाकिटं मात्र बोलतात. एकावर अर्ध्या आण्याचं हिरवट तिकीट आहे, व्हिक्टोरिया राणीच्या चेहऱ्याचं. त्यावर 'पूना' असा इंग्रजी शिक्का, १८८७ सालचा. मागच्या बाजूला 'शोलापूर', दुसऱ्या दिवशीची तारीख. म्हणजे पत्र एका दिवसात पोचलं! आतल्या पत्रावर मिती आहे, शके १८०९. शकात ७८ मिळवा, १८८७ येतात. शिक्का आणि पत्र एकमेकांची साक्ष देतात. नुसतं तिकीट हातात असतं तर यातलं काय कळलं असतं?

एका दिवसात पोचलं, कारण रेल्वे. सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली, पण बोरघाटातला मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्यामुळे मधली दोन-तीन वर्षं मुंबईच्या गाडीला घाट आडवा होता. पुढचा आणि मागचा शिक्का यांतल्या दिवसांची वजाबाकी केली की रस्ता, घाट, रेल्वे सगळं त्यात दिसायला लागतं.

आता थोडं मागे जाऊया. १८५४ पूर्वी टपालाचा दर अंतरावर ठरायचा. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचं पत्र पाठवायला एक रुपया लागे. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला देशभर एकच दर झाला, अर्धा आणा. शेजारच्या गावाला तेवढेच आणि कलकत्त्यालाही तेवढेच. तिकीट न लावता पाठवलं तर घेणाऱ्याला दुप्पट भरावे लागत. तेच 'बैरंग' पत्र. पुढे १ जुलै १८७९ पासून एका पैशाचं पोस्टकार्ड आलं.

हे मी वर्गात गणितात घेते. तोळा साधारण ११.६६ ग्रॅमचा, मग पाव तोळा किती? तीन ग्रॅमच्या आत. आपला ए-फोर कागद साधारण पाच ग्रॅमचा असतो. म्हणजे अर्ध्या कागदात सगळ्या घराची खुशाली लिहायची! जुनी पत्रं पातळ कागदावर, समासापर्यंत दाटून का लिहिलेली असतात, हे मुलं आपणहून सांगतात. रुपयाचे ६४ पैसे, तर रुपयात कार्डं किती? हे उदाहरण मुलं विसरत नाहीत.

आपल्या भागात तर शिक्क्याला आणखी महत्त्व आहे. आज आपण एसटीने सहज जातो ते तुळजापूर आणि नळदुर्ग तेव्हा निजामाच्या राज्यात होते. निजामाची स्वतःची टपाल तिकिटं १८६९ पासून निघाली. पत्र कुठल्या राज्यातून आलं, हे शिक्क्याशिवाय कसं कळणार?

गेल्या वर्षी वर्गात पाकिटांचे फोटो दाखवले. मोडीतले पत्ते मी वाचून दाखवले. एका मुलीने विचारलं, "मॅडम, यात एकाही बाईचं नाव कसं नाही?" वर्ग गप्प झाला. मग मुलंच बोलू लागली. बायकांना तेव्हा कुठे शिकवायचे? पत्र घरच्या पुरुषाच्या नावानेच यायचं. मी विचारलं, "म्हणजे घरात बायका नव्हत्या का?" "होत्या की! पण पाकिटावर नव्हत्या." कागदावर जे नाही, ते नव्हतंच असं नाही. इतिहासाची साधनं शिकवताना हीच गोष्ट समजावणं अवघड जातं. ती एका पाकिटाने समजावली.

दुसऱ्या दिवशी मुलांनी घरी विचारणा केली. माझ्या वर्गात तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या घरांतली मुलं पुष्कळ आहेत. त्यांचे आजोबा-पणजोबा गिरण्यांत, मागावर कामाला आलेले. कुणाकडे गावाकडून आलेलं कार्ड निघालं, कुणाकडे मनीऑर्डरची पावती. ती शंभर वर्षांपूर्वीची नव्हती, चाळीस-पन्नास वर्षांची होती. पण त्या घरासाठी आपण कुठून आलो याचा तोच पुरावा आहे.

म्हणून पालकांनो, एवढं करा. रद्दी देण्याआधी जुनी ट्रंक एकदा उघडून बघा. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पत्र ज्या पाकिटातलं, त्यातच ठेवा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. आजी-आजोबांना दाखवा आणि ते सांगतील ते मुलांकडून वहीत लिहून घ्या. आणि शिक्षकांनो, प्रकल्पासाठी तिकिटं आणायला सांगाल तेव्हा "कापून आणू नका" हे आठवणीने सांगा. बाजारात सुटं तिकीट पुन्हा मिळेल. आपल्या घरी आलेलं पाकीट मात्र एकच असतं.