छायाचित्राची साक्ष

बाजारात डोळ्यांपेक्षा हाताचाच अधिकार मोठा असतो. आई मडके घेते तेव्हा त्यावर टिचकी मारून नाद ऐकते. नारळ कानाशी नेऊन हलविते. लुगड्याचा पदर अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळून पोत पाहते. दुकानदार तोंडाने काय सांगत आहे, याकडे तिचे फारसे लक्ष नसते. परंतु अलीकडे असाही एक बाजार भरू लागला आहे की, जेथे हाताला प्रवेशच नाही. इंटरनेटवरच्या दुकानात गिऱ्हाईक शेकडो मैल दूर बसलेले असते. माल आणि ते यांच्यामध्ये काय ते एक छायाचित्र! हाताचे सारे काम त्या चित्राला करावे लागते.

यंत्रातून निघालेल्या वस्तूंचे एक वेळ ठीक आहे. एक पाहिली की बाकीच्या तशाच. हाताने घडविलेल्या वस्तूंचे तसे नाही. एकीची ठेवण दुसरीत उतरत नाही, आणि त्यातच त्यांचे मोल असते. ते मोल चित्रात आणावयाचे म्हणजे सोपे काम नव्हे.

सावंतवाडीची चितारआळी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. पांगाऱ्यासारखे हलके लाकूड घ्यावयाचे, त्याला आकार द्यावयाचा, काचकागदाने ते गुळगुळीत करावयाचे आणि मग त्यावर रंग चढवावयाचा. पाहता पाहता लाकडाचा आंबा होतो, केळे होते, काजूचे बोंड होते! ही फळे घडविणारे एक वृद्ध कारागीर माझ्या परिचयाचे आहेत. त्यांचा पुतण्या माझा विद्यार्थी. त्याने इंटरनेटवर दुकान उघडले आणि काकांच्या फळांची एक टोपली पुण्याच्या एका बाईंनी मागविली. चित्रात ती टोपली भरगच्च आणि ऐसपैस दिसत होती. हाती आली ती तळहातावर मावेल एवढी. मापे खाली लिहिलेली होती. पण सुंदर चित्र समोर असता आकडे वाचतो कोण? बाईंनी टोपली परत पाठविली आणि सोबत ‘ही फसवणूक आहे’ असे कळविले. टपालाचा खर्च अंगावर पडला, त्याचे काकांना फारसे वाटले नाही. ते शब्द मात्र त्यांच्या मनातून जाईनात.

“चाळीस वर्सां धंदो केलंय, मास्तरानू,” ते मला म्हणाले, “पण फसवलंस असां माका कोणी म्हटल्यान नाय.”

मला छायाचित्रणाचा जुना नाद आहे. म्हणून पुतण्याने मला बोलाविले आणि आम्ही सारी चित्रे नव्याने काढावयास बसलो.

प्रथम प्रश्न उजेडाचा. पुतण्या अंगणात, भर उन्हात चित्रे काढीत असे. उन्हात फळाची एक बाजू पांढरीफटक पडते आणि दुसरी काळोखात बुडते. गोलाई कोठेच दिसत नाही. आम्ही घरातील उत्तरेकडची खिडकी निवडली, कारण तेथे वर्षातील बराच काळ ऊन थेट येत नाही. ‘बराच काळ’ हे शब्द मी जाणून वापरले आहेत. सावंतवाडी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १६ अंशांवर आहे. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडेच कललेला असतो. त्या दिवसांत आम्ही खिडकीवर काकांचे एक विरलेले पांढरे धोतर टांगतो. त्यातून गाळून आलेला उजेड इतका मऊ असतो की, आंब्याच्या गालावरची लाली जशीच्या तशी उमटते. खिडकीसमोरच्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा केला की तोच उजेड परतून सावलीत शिरतो.

घरातला दिवा अशा वेळी मालवावा. पिवळा दिवा आणि निळसर दिवसाचा उजेड एकत्र आले, तर आपले डोळे ते सांभाळून घेतात. कॅमेरा घेत नाही. एकाच केळ्याला तो दोन रंग देतो. मोबाइल वस्तूच्या अगदी नाकाशी नेण्याचा मोहही आवरावा लागतो. फार जवळून चित्र घेतले की, पुढचा भाग फुगतो आणि मागचा आक्रसतो. चार पावले मागे सरून, चित्र थोडे मोठे करून घेतले म्हणजे आकार बिघडत नाही. मोबाइलच्या भिंगावरचा बोटांचा तेलकट ठसा पुसावयाचा, हे सांगावयास नकोच. पण सांगतो, कारण तो कोणी पुसत नाही!

मापाचा प्रश्न उरला. शेजारी रुपयाचे नाणे ठेवावे, असे पुतण्याने सुचविले. पण रुपयाची नाणी निरनिराळ्या काळी निरनिराळ्या आकारांची निघाली आहेत. शेवटी टोपली हातावर घेऊनच दाखवावयाची, असे ठरले. हात सर्वांच्या ओळखीचा असतो.

खरा वाद पुढेच निघाला. एका फणसाच्या देठाजवळ लाकडाची एक काळपट गाठ होती. पुतण्या म्हणाला, “काका, ती बाजू मागे फिरवू. नाही तर मोबाइलमध्ये पुसून टाकतो, क्षणाचे काम आहे.”

“अरे, गाठ झाडाची असा,” काका म्हणाले, “ती लपवून काय करतलंस?”

पुतण्याचे म्हणणे अगदीच वेडगळ होते, असे मला वाटत नाही. घर त्या विक्रीवर चालते, आणि गाठ पाहून गिऱ्हाईक पुढे सरकले तर त्या दिवशीची चूल कोणी पेटवावी? पण माझे मन काकांकडे झुकले. इंग्लंडातील टॅल्बट हा छायाचित्रणाच्या आद्य शोधकांपैकी एक. त्याने १८४४ पासून भागाभागांनी एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील एका चित्रात चिनी मातीची भांडी फळ्यांवर ओळीने मांडलेली आहेत. ही भांडी कधी चोरीस गेली, तर न्यायालयात चित्राचा पुरावा पुढे करता येईल, अशी कल्पना त्याने तेथे मांडली आहे. छायाचित्राची कला अशी जन्मापासूनच साक्षीदार आहे. गाठ पुसून टाकलेले चित्र म्हणजे पढवून आणलेला साक्षीदार!

तेव्हा गाठ राहिली. मात्र ती पहिल्या चित्रात पुढे न आणता, तिसऱ्यात जवळून दाखवावयाची, असे पुतण्याने ठरविले, आणि काकांनीही मान डोलावली. आता प्रत्येक वस्तूची पाच चित्रे निघतात: समोरून, बाजूने, जवळून, तळाकडून आणि शेवटी काकांच्या हातावर. त्या शेवटच्या चित्राच्या वेळी पुतण्याने त्यांना हात स्वच्छ धुऊन येण्यास सांगितले. ते साबण लावून, पुन्हा पुन्हा चोळून आले. तरी नखांच्या कडांना पोपटी रंग राहिलाच. चित्रात तो तसाच आला आहे.