वाटेवर गेलेले दिवस

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे. घर बांधण्यात किती यातायात असते, हे ती सांगते. परंतु ते घर कोठे असावे, याविषयी मात्र ती मौन बाळगते. ज्या काळी ती रूढ झाली, त्या काळी हा प्रश्न फारसा कोणाला पडतही नसावा. कुंभाराचे चाक त्याच्या अंगणातच फिरे आणि शेतकऱ्याचे शिवार वेशीबाहेर पडताच लागे. लहानपणी मी नगर शहरातील पद्मशाली विणकरांच्या वस्तीवरून जात असे, तेव्हा घराघरांतून मागाचा खडखडाट ऐकू येई. ज्या खोलीत माग, त्याच खोलीत पाळणा! काम आणि घर यांच्यामध्ये उंबरठासुद्धा नव्हता. पुढे आगगाडी आली, मोटार आली आणि माणूस एका गावी झोपू लागला व दुसऱ्या गावी राबू लागला. तेव्हापासून 'घर कोठे असावे?' हा प्रश्न 'घर कसे असावे?' या प्रश्नाहून अवघड होऊन बसला.

हा प्रश्न मला माझ्या उतारवयात, आणि तोही परमुलखात, सोडवावा लागेल, असे मात्र मला स्वप्नातही वाटले नव्हते.

त्याचे असे झाले. माझी मुलगी व जावई काही वर्षांपूर्वी लंडनला गेले. मुलगी हॅरो या भागातील एका रुग्णालयात परिचारिका आहे. जावईबापू कॅनरी वॉर्फ येथे एका कचेरीत संगणकाचे काम करतात. मी सेवानिवृत्त झाल्यावर एका वर्षी कार्तिकात त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांचे जुने बिऱ्हाड सोडण्याची वेळ आली होती आणि घरात नव्या जागेचाच विषय अष्टौप्रहर चालू होता.

हॅरोचे नाव ऐकून मला मोठा आनंद झाला. जवाहरलाल नेहरू १९०५ ते १९०७ या काळात तेथील शाळेत शिकत होते आणि पुढे १९४२ ते १९४५ या काळात ते आमच्या नगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. आपला भारतशोधाचा ग्रंथ त्यांनी १९४४ साली त्या किल्ल्यातच लिहिला. तेव्हा मी म्हणालो, "हॅरोचे आणि नगरचे नाते जुनेच आहे. घर तेथेच घ्या!" मुलगी हसून म्हणाली, "अण्णा, इतिहास पाहून घर घेता येत नाही. गाडीचे वेळापत्रक पाहून घ्यावे लागते."

तिचे म्हणणे खरे होते. लंडन हे शहर मुळी आगगाडीच्या रुळांवरच वाढले आहे. आपल्या देशात पहिली प्रवासी गाडी मुंबईहून ठाण्यास १६ एप्रिल १८५३ रोजी धावली; त्यानंतर दहाच वर्षांनी, १८६३ च्या जानेवारीत, लंडनमध्ये जगातील पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. तोच मार्ग वाढत वाढत १८८० साली हॅरोपर्यंत पोहोचला आणि रुळांच्या दोन्ही अंगांना, जेथे पूर्वी कुरणे होती, तेथे नोकरदारांच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली असे मत मांडले, की माणूस पायी चालो वा वाहनात बसो, दिवसाकाठी सुमारे एक तासच तो जाण्यायेण्यास देऊ इच्छितो. वाहनाचा वेग वाढला, की वेळ वाचत नाही, शहरच पसरते. हे वाचून मला वाटले, माणसाने गाडी वेगवान केली आणि घर तेवढेच लांब नेऊन ठेवले!

आमच्यापुढे दोन घरे होती. भाडे दोन्हींचे जवळजवळ सारखेच. पहिले ऐल्सबरी या गावी. हे गाव लंडनच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटर दूर आहे. घर प्रशस्त, चार खोल्यांचे. मागे हिरवळ आणि तिच्या कडेला एक सफरचंदाचे झाड. दुसरे प्रेस्टन रोड स्थानकाजवळ, एका दुकानाच्या माथ्यावर. दोन खोल्या, एक अरुंद जिना, आणि खिडकीतून दिसणार काय, तर समोरच्या घराची खिडकी!

नातीने पहिले घर पाहताच झाडाला मिठी मारली. जावईबापूंचाही कल तिकडेच होता. "मुलीला खेळायला अंगण हवे," ते म्हणाले, "मी थोडा प्रवास सोसेन." मलाही ते पटले. नगरकडच्या माणसाला अंगणावाचून घर म्हणजे देवावाचून देव्हारा!

मी रेल्वेचा नकाशा पुढे घेतला आणि हातात पट्टी घेऊन अंतरे मोजू लागलो. सात वर्षांची नात खळखळून हसली. "आजोबा, हा नकाशा पट्टीने मोजायचा नसतो!" चौकशी करता कळले, की हॅरी बेक नावाच्या आरेखकाने १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या नकाशात खरी अंतरे बाजूला ठेवली आणि सर्व मार्ग सरळ रेषांनी दाखवले. कोणत्या स्थानकानंतर कोणते येते आणि गाडी कोठे बदलायची, एवढेच त्यात पाहायचे. जन्मभर मुलांना 'नकाशाचे प्रमाण आधी पाहा' असे बजावणारा मी, त्या दिवशी एका लहान मुलीकडून प्रमाणाचा धडा शिकलो. नकाशावरील दोन बोटांचे अंतर पायांनी किती पडते, हे चालल्यावाचून कळत नाही.

म्हणून आम्ही चालून पाहायचे ठरवले. रविवारी घर पाहिले होते. सोमवारी सकाळी जावईबापू आणि मी ऐल्सबरीहून कचेरीच्या वेळेला निघालो. घरापासून स्थानकापर्यंत पायी, मग आगगाडी, हॅरोला उतरून भुयारी रेल्वे, पुढे पुन्हा गाडीबदल. कचेरीच्या दारात पोहोचलो तेव्हा घड्याळात पावणेदोन तास झाले होते. मुलीचे रुग्णालय अलीकडे असले, तरी तिलाही सव्वा तास लागला असता. तिची एकेक पाळी बारा तासांची. त्या देशात मार्गशीर्ष-पौषात सकाळी आठच्या सुमारास उजाडते आणि दुपारी चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. म्हणजे घरातून निघायचे ते अंधारात आणि परतायचे तेही अंधारात. सफरचंदाचे झाड असणार होते. पण ते पाहायचे केव्हा?

गाडीत माझ्यासमोर एक गृहस्थ बसले होते. गाडी हलताच त्यांनी डोळे मिटले आणि त्यांचे स्थानक येताच, कोणी हाक मारल्यासारखे, ते उघडले. रोजच्या प्रवासाशिवाय माणसाला अशी झोप साधत नाही. ती झोप मी ओळखली. कारण तशी झोप मी स्वतः अकरा वर्षे घेतली आहे.

राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी आमच्या नगरहून पुण्यास गेली, याचा आम्हां नगरकरांना अभिमान आहे. पुढे त्याच एस.टी.ने मला अन्न दिले. माझी शाळा पाथर्डीच्या बाजूला होती. तेथे राहण्यास दोन खोल्या मिळत होत्या. गावात मुलीसाठी चांगली शाळाही होती. परंतु सावेडीला मला स्वस्तात जागा मिळाली होती. मी तेथे हौसेने घर बांधले, दारात कडुनिंब लावला, आणि रोज एस.टी.ने शाळेत जाऊ लागलो. पहाटे भिंगार मागे पडे, डोंगरावरचा चांदबिबी महाल अंधुक दिसू लागे, करंजीचा घाट येई आणि माझा डोळा लागे. जायला दीड तास, यायला दीड तास. लोक म्हणत, "गुरुजी, घर मोठे हवेशीर बांधले!" आणि मला धन्य वाटे.

त्या रात्री ऐल्सबरीचा हिशोब मी सर्वांना सांगितला. बोलता बोलता सहज म्हणालो, "अर्थात प्रवासाने काही माणूस मरत नाही. मी नाही का अकरा वर्षे पाथर्डी केली?"

मुलगी भांडी आवरत होती. ती क्षणभर थांबली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अण्णा, तुम्ही आमच्यासाठी किती कष्ट काढले, हे मी विसरले नाही. पण खरे सांगू? माझ्या लहानपणातले तुम्ही मला आठवता, ते पाठमोरेच. पहाटे जाग आली, तर खांद्याला पिशवी लावून दाराबाहेर पडताना दिसायचे. संध्याकाळी यायचे, ते जेवून लगेच झोपायचे. कडुनिंबाखाली आपण दोघे कधी बसलो होतो, ते मला आठवत नाही."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती, तर मी काही उत्तर दिले असते. मी माझ्या खोलीत गेलो आणि गणिताच्या मास्तराप्रमाणे कागद पुढे ओढला. रोजचे तीन तास. वर्षाचे कामाचे दिवस २२० धरले, तर ६६० तास. अकरा वर्षांचे ७,२६० तास. त्यांचे दिवस केले, तर ३०२ अहोरात्र! माझ्या मुलीच्या बालपणातील दहा महिने मी करंजीच्या घाटात सांडून आलो होतो, आणि ते सांडले हे मला इतक्या वर्षांनी, सातासमुद्रांपलीकडे कळले.

याचा अर्थ, कामाला चिकटून असलेले घर तेच चांगले, असा मात्र कोणी घेऊ नये. पाथर्डी तालुक्यात मी दरवर्षी एक देखावा पाहत असे. दिवाळीच्या आगेमागे माझ्या वर्गातील कितीतरी बाके रिकामी होत. मुलांचे आईबाप ऊसतोडणीस निघत आणि मुलेही त्यांच्यासोबत जात. कारखान्याच्या परिसरात किंवा फडाजवळ त्यांच्या कोप्या उभ्या राहत. तेथे घर कामापासून चार पावलांवर. पण ना शाळा जवळ, ना दवाखाना, ना शेजारधर्म. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती मुले परत येत, तेव्हा त्यांची पाटी कोरी झालेली असे. ज्यांना निवड करताच येत नाही, अशी माणसे जगात पुष्कळ आहेत. कर्जत-कसाऱ्याहून रोज मुंबईला जाणाऱ्या कितीजणांनी ते अंतर हौसेने पत्करलेले असते? ज्याला निवड करता येते, त्याने ती डोळे उघडे ठेवून करावी, एवढेच आपल्या हाती असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा हिशोबास बसलो. पण या वेळी खोल्या मोजल्या नाहीत. प्रेस्टन रोडहून एका दिशेने पहिलेच स्थानक नॉर्थविक पार्क. मुलीचे रुग्णालय तेथून जवळ. दुसऱ्या दिशेने पहिलेच स्थानक वेम्बली पार्क. तेथे गाडी बदलली, की जावईबापूंना थेट कॅनरी वॉर्फपर्यंत नेणारी गाडी मिळे. घरापासून कचेरीपर्यंत एक तास. म्हणजे त्यांचे रोजचे दीड तास वाचत होते. वर्षाकाठी जवळजवळ चौदा अहोरात्र. मुलीचे प्रत्येक पाळीमागे दोन तास वाचत होते. शाळा पायी जाण्याच्या अंतरावर, जवळच एक सार्वजनिक बाग, आणि थोड्या प्रवासावर डॉलिस हिल येथे महाराष्ट्र मंडळ. १९३२ साली स्थापन झालेल्या त्या मंडळात नातीच्या कानांवर मराठी पडणार होते.

नातीची समजूत घालणे तेवढे राहिले. झाडासाठी ती रुसली. जावईबापूंनी तिला जवळ घेतले आणि म्हणाले, "बाळ, झाड हवे की झाडाखाली खेळायला बाबा हवा?" तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "दोन्ही." मुलांचे उत्तर नेहमीच बरोबर असते, थोरांना मात्र दोहोंतील एक निवडावे लागते. शेवटी घर प्रेस्टन रोडचे ठरले.

मी नगरला परतण्यापूर्वी पंधरा दिवस त्या घरात राहिलो. जिना खरोखरच अरुंद होता. माझी पेटी वर नेताना तिघांची तारांबळ उडाली. परंतु संध्याकाळी ठरावीक वेळी नात माझे बोट धरून स्थानकाच्या दाराशी उभी राही. गाडी येई, माणसांचा लोंढा बाहेर पडे, आणि त्यात आपला बाप दिसताच ती माझे बोट सोडून धावत सुटे. तिला तो रोज दिसे तो सामोरा, तिच्याकडे येणारा.

आता मी सावेडीच्या घरी असतो. कडुनिंब फार मोठा झाला आहे आणि त्याची सावली दारापर्यंत येते. खाली बसायला आता माझ्याजवळ वेळच वेळ आहे. मधून मधून शाळेतील तरुण शिक्षक येतात आणि विचारतात, "गुरुजी, प्लॉट घ्यावा म्हणतो. कोठे घेऊ?" मी त्यांना जागेचा भाव विचारत नाही. मी विचारतो, "संध्याकाळी घरी किती वाजता पोहोचाल?"